ठाण्याहून मसाई मारा: आधी महिना, मग गाडी, खोली सगळ्यात शेवटी

"केनियाला जायचंय, हॉटेल कुठलं बरं?" हा प्रश्न मला आजवर लिफ्टमध्ये, उपवनच्या तलावाभोवती फेऱ्या मारताना आणि एकदा तर बारशाला पाळण्याशेजारी उभं असताना विचारला गेलाय. दर वेळी मी म्हणते, हॉटेलचं नंतर बघू, कुठल्या महिन्यात जाताय ते सांगा.

पहिल्या खेपेला आम्हीही हॉटेलापासूनच सुरुवात केली होती. एका एजंटने सहा रात्रींत चार पार्क बसवून दिले होते. खोल्या झकास, स्विमिंग पूल, रात्री शेकोटी. पण सात माणसं एका मिनिव्हॅनमध्ये, आणि दिवसातले पाच-सहा तास एका पार्कातून दुसऱ्या पार्काकडे. त्या सहलीतले सिंह मला फार आठवत नाहीत, रस्त्याकडेची पेट्रोल पंपांवरची स्वच्छतागृहं मात्र सगळी आठवतात. दुसऱ्या खेपेला खोल्या साध्या घेतल्या, एकाच ठिकाणी चार रात्री राहिलो आणि वाचलेले पैसे गाडीत घातले. पुढे जे लिहितेय ते या दोन सहलींमधल्या फरकातून आलेलं आहे.

महिना ठरवा, आणि मे विसरा

आपल्याकडे परदेश म्हटलं की मुलांची मे महिन्याची सुट्टी. पण केनियात मार्च ते मे हा मोठा पाऊस. मसाई मारा, म्हणजे आपण जिथे सफारीला जातो ते तिथलं अभयारण्य, त्याची जमीन म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती समजा. ओली झाली की गाडी रुतते, आणि रुतलेली गाडी काढायला दुसरी गाडी येईपर्यंत सकाळ संपलेली असते. मे महिन्यात खोल्या स्वस्त मिळतात त्या यामुळेच.

विल्डबीस्टचं, म्हणजे गवत खाणाऱ्या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांचं, ते प्रसिद्ध स्थलांतर, मारा नदीत उड्या टाकणारे हजारो प्राणी, हे दृश्य साधारण जुलैच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंतचं. दहा लाखांवर विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत झेब्रे पाऊस आणि गवताच्या मागे टांझानियातल्या सेरेनगेटीतून वर येतात आणि पुन्हा खाली जातात. नदी कधी ओलांडायची ते त्यांचं तेच ठरवतात. काठावर चार तास बसून कळप मागे फिरलेला मी पाहिलाय. शिवाय हाच काळ आपल्या गणपतीचा. घरी गणपती असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरच्या तारखा विसर्जन धरूनच काढाव्या लागतात.

पैशांचा मुद्दा इथेच येतो. मसाई मारा नॅशनल रिझर्व्हची प्रवेश फी परदेशी प्रौढ माणसाला २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. चार दिवस, चार माणसं असा गुणाकार करून बघा, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑगस्टमध्ये किती फरक पडतो ते कळेल. म्हणून शाळेत जाणारी मुलं असतील तर मी जूनचा पहिला आठवडा सुचवते. मोठा पाऊस ओसरलेला, गवत हिरवं, फी निम्मी, आणि आपल्या शाळा बहुधा जूनच्या मध्यावर उघडतात. स्थलांतर दिसणार नाही. पण सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ बारा महिने माराचेच रहिवासी आहेत, ते कुठे जात नाहीत. मुलं मोठी झाली असतील, तर जानेवारी-फेब्रुवारीही उत्तम. कोरडी हवा आणि तीच कमी फी.

एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही: जुलै-ऑगस्ट तिथे थंडीचे दिवस. विषुववृत्ताजवळचा देश म्हणून आपण कॉटनचे शर्ट भरतो आणि पहाटे सहाला उघड्या टपाच्या गाडीत दात वाजतात. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर आहे, माराही दीड हजाराच्या वर. महाबळेश्वरपेक्षा उंच.

किती पार्क?

पहिल्यांदा जाणाऱ्याला मारा आणि फार तर आणखी एक. नकाशावर अंबोसेली, नाकुरू, नैवाशा, मारा जवळजवळ दिसतात. प्रत्यक्षात नैरोबी ते मारा गाडीने पाच-सहा तास, नाकुरू ते मारा जवळपास तेवढेच, आणि अंबोसेली ते मारा म्हणजे अख्खा दिवस रस्त्यावर. अंबोसेलीचं आकर्षण म्हणजे हत्तींचे कळप आणि मागे ५,८९५ मीटरचा किलिमांजारो. डोंगर टांझानियात, देखावा केनियातून. नाकुरूला गेंडे हमखास दिसतात. नैवाशाला बोटीतून पाणघोडे. माझं मत विचाराल तर माराला चार रात्री आणि वाटेत नैवाशाला एक. अंबोसेली पुढच्या खेपेला. "परत कोण जातंय?" असं सगळेच म्हणतात, आणि त्यातले निम्मे परत जातात.

विमान सकाळी उतरत असेल आणि नैरोबीत अर्धा दिवस मोकळा असेल, तर शहराला लागूनच नैरोबी नॅशनल पार्क आहे. १९४६ सालचं, ११७ चौरस किलोमीटर. गेंडा चरतोय आणि मागे उंच इमारती. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या ठाणेकरांना, ज्यांच्या पार्किंगमध्ये बिबट्या येऊन जातो, त्याचं फार अप्रूप वाटणार नाही. तरी जरूर बघा.

गाडी: इथे हात आखडू नका

सफारीत जागेपणीचे दिवसाला सात-आठ तास तुम्ही गाडीत असता. खोलीत फक्त झोपायला. असं असताना लोक खोलीचे फोटो तासभर बघतात आणि गाडीबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत. एजंटला फोन करताना एवढं विचाराच:

गाडी लँड क्रूझर की मिनिव्हॅन? मिनिव्हॅनचंही टप उघडतं आणि ती स्वस्त पडते, पण चिखलात आणि खड्ड्यांत लँड क्रूझरला तोड नाही. गाडी फक्त आमचीच की त्यात अनोळखी माणसंही? प्रत्येकाला खिडकी मिळणार का? गाडी सकाळी आणि दुपारी दोन फेऱ्या मारणार, की हवं तर डबा घेऊन दिवसभर बाहेर राहता येईल? पार्क फी दरात धरली आहे का, आणि कुठल्या दिवसांची? फी दिवसाच्या हिशेबाने असते, त्यामुळे शेवटच्या दिवशी उशिरा निघालात तर आणखी एका दिवसाची पावती फाडावी लागू शकते. निघायची वेळ आधीच लिहून घ्या.

चार जणांच्या कुटुंबाला स्वतंत्र लँड क्रूझर महाग वाटते. म्हणून आणखी एखादं जोडपं सोबत घ्यावं. सहा माणसं म्हणजे बरोबर सहा खिडक्या. सातवा माणूस मधल्या जागी बसतो, आणि तो सातवा माणूस पहिल्या खेपेला मी होते.

पाठीचं दुखणं असलेल्यांनी कंबरेचा पट्टा न्यावाच. तिथले चालक खड्ड्यांच्या रस्त्याला हसत हसत 'आफ्रिकन मसाज' म्हणतात. तिसऱ्या दिवशी तो विनोद संपलेला असतो. रस्त्याने जायचंच नसेल, तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटी विमानं पाऊण तासात माराच्या धावपट्टीवर उतरवतात. खर्च वाढतो, पण ज्येष्ठ मंडळींसाठी मी तो सरळ करायला सांगेन.

कागदपत्रं

पासपोर्ट केनियात पोचल्यावरही किमान सहा महिने चालणारा हवा, आणि त्यात कोरी पानं हवीत. नवा काढायचा किंवा नूतनीकरण करायचं तर ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. ३६ पानांची साधी फी १,५०० रुपये, तत्काळला २,००० जादा. पोलीस पडताळणीला स्थानिक चौकीतून फोन येतो. घोडबंदर रोडच्या नव्या इमारतींत राहायला गेलेल्यांनी पत्ता आधार कार्डावर बदललाय ना ते आधी बघावं, तिथेच बरेच अर्ज अडकतात.

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा बंद करून त्याजागी ईटीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना, आणलाय. फी साधारण ३० डॉलर. पासपोर्टचं स्कॅन, फोटो, राहण्याचं बुकिंग आणि परतीचं तिकीट लागतं. लहान मुलाचाही वेगळा अर्ज. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'गो डॉट केई' असा संपतो. शोधयंत्रावर त्याच्याही वर जाहिराती येतात आणि त्या मध्यस्थांच्या असतात, दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. टांझानियाही जोडणार असाल, तर त्याचा ई-व्हिसा वेगळा, ५० डॉलर.

पिवळा ताप: हे पहिल्याच दिवशी करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून सविस्तर लिहिते. भारतातून थेट केनियात शिरताना पिवळ्या तापाच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लशीवर तिथे सहसा कोणी अडत नाही. अडतं ते परत येताना, आपल्याच विमानतळावर. भारतात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, तोच डेंग्यूवाला, आपल्या गच्चीवरच्या कुंड्यांपर्यंत पोचलेला आहे. एक रुग्ण आत आला तर काय होईल याची भीती सरकारला आहे, आणि ती रास्त आहे. म्हणून केनियाहून येणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं.

लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, कुठल्याही दवाखान्यात नाही. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना या दोन्हींची केंद्रं आहेत. आधी नाव नोंदवून जायचं. पासपोर्ट न्यायचा, कारण त्याचा नंबर प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेवर लिहितात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे. एकदा टोचून घेतलं की संपलं.

माझ्या धाकट्या दिरांनी "आठवड्याभरात घेतो की" असं म्हणत म्हणत उड्डाणाला पंधरा दिवस उरेपर्यंत ढकललं. फोन केला तर त्या आठवड्याच्या जागा भरलेल्या. लस मिळाली तेव्हा निघायला चार दिवस बाकी. शेवटी दहा दिवसांचा हिशेब बसवायला त्यांचं आणि जाऊबाईंचं तिकीट पुढे ढकललं, बदलाचा भुर्दंड भरला, आणि माराच्या चारपैकी दोन रात्री त्यांच्या वाट्याला आल्या. आम्हाला बिबट्या पहिल्याच दिवशी दिसला होता. हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

ही जिवंत लस आहे. अंड्याची तीव्र अॅलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, साठीच्या पुढचं वय, किंवा नऊ महिन्यांहून लहान बाळ असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. लस देता येत नसेल तर तसं वैद्यकीय प्रमाणपत्र मिळतं, पण ते असूनही परतताना थांबवून ठेवू शकतात, हे धरून चाला.

मलेरियाला आपल्यासारख्या प्रवाशांसाठी लस नाही, गोळ्या आहेत. कुठली घ्यायची ते डॉक्टर ठरवतील, पण एक लक्षात ठेवा: त्या परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात, काही आठवडाभर, काही चार आठवडे. घरी आलं की लोक डबी कपाटात टाकतात. आणि परतल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं: मी आफ्रिकेत होतो. पावसाळ्यात ठाण्यातला प्रत्येक ताप व्हायरल धरला जातो.

विमा काढताना रक्तदाब, मधुमेह लपवू नका, आणि जंगलातून विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचा. मारामधून मोठं रुग्णालय म्हणजे नैरोबी.

बॅग, आणि सासूबाईंचे लाडू

छोट्या विमानात माणशी १५ किलो, तेही मऊ बॅगेत. कडक ट्रॉली बॅग त्यांच्या पोटात मावत नाही. गाडीने जाणार असाल तरी मऊ बॅगाच बऱ्या, लँड क्रूझरमध्ये मागे जागा थोडी असते.

आता प्लास्टिक. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली, आणि २०२० च्या जूनपासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकलाही. दंड जबर आहे. आपली मराठी बॅग म्हणजे पिशवीत पिशवी: चिवडा एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, चपला तिसरीत. निघण्याच्या आदल्या रात्री सासूबाईंनी डिंकाचे लाडू दोन-दोन करून पातळ पिशव्यांत बांधले होते. ते सगळे सोडून स्टीलच्या डब्यात भरताना त्या म्हणाल्या, "त्या सिंहांना काय कळतंय गं पिशवीतलं?" सिंहांना कळत नाही, पण विमानतळावर कळतं. जांभळी नाक्याला कापडी बटवे मिळतात, डझनभर घेऊन ठेवा. पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या घ्या, लॉजवर भरून मिळतात.

कपडे खाकी, मातकट, फिका हिरवा. निळा आणि काळा टाळा, त्सेत्से ही चावणारी माशी त्या रंगांवर येते. लष्करी ठिपक्यांचे कपडे मात्र मुळीच नकोत, तिथे नागरिकांना ते घालायला मनाई आहे. मुलांच्या टोप्या एकदा तपासा. एक चांगलं जाकीट, कानटोपी, धुळीसाठी मोठा रुमाल. प्लग तिकडे ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे, म्हणून अॅडॉप्टर दोन तरी. ड्रोन घरी ठेवा.

दुर्बीण माणशी एक, आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची. एकाच दुर्बिणीवर चार जण म्हणजे "दे ना, दे ना" करेपर्यंत चित्ता गवतात. फोटो काढणाऱ्यांना शंभर ते चारशे मिलिमीटरची लेन्स पुरते. तिपाई गाडीत निरुपयोगी, त्याऐवजी टपाच्या कडेवर ठेवायला बीनबॅग हवी. आमच्या सासऱ्यांनी जुन्या जीन्सचा पाय कापून, नौपाड्यातल्या शिंप्याकडून एका टोकाला चेन लावून घेतली. जाताना रिकामी, घडी करून. नैरोबीच्या दुकानात दोन किलो तांदूळ घेतले आणि तिच्यात भरले. लेन्स तिच्यावर ठेवली की दगडासारखी स्थिर. शेवटच्या दिवशी तांदूळ चालकाला देऊन टाकले.

हे सगळं आधी घरच्या घरी वापरून बघा. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत बोट जाते. २०१५ पासून ही खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. हलत्या बोटीतून दुर्बीण स्थिर धरायची, सूर्य पाठीशी घ्यायचा, न बोलता बसायचं, याची तालीम तिथे होते. खाडीतला लहान रोहित, म्हणजे लहान जातीचा फ्लेमिंगो, तोच, जो केनियाच्या बोगोरिया सरोवरावर दिसतो. फक्त मागे ऐरोलीचा पूल नसतो.

पैसे

परदेशात जाताना एका खेपेला नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात, तेवढे लागत नाहीत. माणशी दोन-तीनशे डॉलर रोख, बाकी फॉरेक्स कार्ड. अधिकृत दुकानातून घ्या, पावतीसकट. ५०,००० रुपयांवरचं परकीय चलन रोख पैसे देऊन मिळत नाही. नोटा नव्या, न फाटलेल्या मागून घ्या, जुन्या मालिकेतल्या नोटा तिथे नाकारतात. पॅकेजच्या बिलात टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर, दिसला की घाबरू नका, तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण त्यासाठी पॅन बरोबर नोंदवलेला हवा. चालकाच्या टिपेचं पाकीट इथूनच वेगळं काढून ठेवा.

तिथे सगळा व्यवहार मोबाइलवर, एम-पेसावर. २००७ सालापासून, म्हणजे आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. पेसा म्हणजे पैसाच. स्वाहिलीत गाडीला गारी, दुकानाला दुका, चपातीला चपाती आणि चहाला चाय म्हणतात. सफारी हा शब्दही आपल्या सफरीचाच भाऊबंद. शाकाहारींचे हाल होतील ही भीतीही निराधार आहे. लॉजवर डाळ-भात-चपाती सर्रास मिळते, फक्त बुकिंगमध्येच कळवा.

निघायचा दिवस

तिकिटावर विमानतळाचा कोड नीट वाचा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झालाय. दिल्ली किंवा दुसऱ्या शहरामार्गे तिकीट असेल तर पहिलं विमान तिथून असू शकतं. 'बीओएम' म्हणजे सहार, 'एनएमआय' म्हणजे उलवे. ठाण्याहून ही दोन पार वेगळ्या दिशांची टोकं आहेत. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी गायमुख ते माजिवड्याच्या वाहतूक कोंडीचा वेळ वेगळा धरावा, त्यावर मी काही बोलत नाही.

पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी चालकाशी बोला. वायरलेसवर बिबट्याची बातमी आली की सगळ्या गाड्या धूळ उडवत सुटतात. आम्ही दुसऱ्या खेपेला त्याला सांगितलं, आम्हाला पळायचं नाही, एखाद्या सिंहिणीपाशी दोन तास बसायचंय. तो हसून म्हणाला, "पोले पोले", हळूहळू. आणि बसलो. पहिला तास ती झोपली होती. मग पिल्लं आली. गाडीत उभं राहून ओरडायचं नाही, उतरायचं तर मुळीच नाही, आणि चालकाला रस्ता सोडून जवळ घ्यायला सांगायचं नाही, कारण दंड त्याला होतो. निसर्गाची हाक आली तर लाजू नका, लवकर सांगा. तो सुरक्षित झुडूप शोधून देतो, पण त्यालाही दहा मिनिटं लागतात.

परतीच्या वेळी ती पिवळी पुस्तिका सामानातल्या बॅगेत जाऊ देऊ नका. मुंबईला उतरल्यावर पासपोर्टच्या रांगेआधीच आरोग्य विभागाचं टेबल लागतं, आणि तोवर तुमची बॅग पट्ट्यावर आलेलीही नसते. आमचे दीर ती शर्टच्या वरच्या खिशात, बटण लावून ठेवतात.